साडूभाऊंचा पोर्तुगाल

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा पाहिलेली नाही. त्यांच्यासमोर काहीही आणून ठेवा, ते त्यांनी आधीच कुठंतरी पाहिलेलं असतं आणि ते 'कुठंतरी' बहुधा सोनपेठ असतं, फार झालं तर परभणी. मुंबईला आम्ही त्यांना हौसेनं समुद्र दाखवायला नेलं, तर त्यांनी पाच-सहा लाटा येऊ दिल्या आणि म्हणाले, "धरन भरल्यावर येलदरी अशीच दिसती. फरक एवढाच, तिचं पानी पिता येतं." ताजमहालाबद्दल त्यांची तक्रार होती, की एवढं बांधलं आणि राहायला कुणी न्हाई. सोनपेठच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. तिथं बसून बसून त्यांना एक सवय जडली आहे. समोर येईल त्या वस्तूवर बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान तिरका करायचा आणि निकाल द्यायचा. घागर, कलिंगड, शेजाऱ्याची नवी मोटार, दवाखान्याचं दार, काहीही सुटत नाही. माझ्या लग्नात सगळे मला आलिंगन देत होते, तेव्हा ह्यांनी माझ्या पाठीवर दोनदा ठोकलं आणि मागं वळून आपल्या बायकोला सांगितलं, "भरीव हाय." गेली कित्येक वर्षं मी ते प्रशस्तिपत्र मानून चाललो आहे.

असा माणूस युरोपला का जाईल? गेला तो पोरीसाठी. त्यांची एकुलती एक गिरिजा परभणीला शेतीचं शिकली आणि पुढं पोर्तुगालात गेली. समुद्राकाठच्या पोर्तुगालात नव्हे. आत, कोरड्या माळावरच्या आलेंतेजू नावाच्या भागात. तिथल्या उन्हात पिकं कशी तग धरतात, हे बघायचं तिचं काम. एक दिवस तिचा फोन आला, की नोकरी कायमची झाली आणि मी इथंच राहायचं म्हणतेय. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आठवडाभर रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी नवऱ्याला हुकूम सोडला, "जा अन् पोरीला घेऊन या." गुडघ्यांमुळं त्यांना स्वतःला विमान झेपणारं नव्हतं. मदतनीस म्हणून माझी बायको आणि मी. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो, त्यामुळं भाषेची जिम्मेदारी माझ्यावर.

आमच्या ओळखीचे लोक युरोपला जातात ते पॅरिसचा मनोरा बघायला, नाहीतर स्वित्झर्लंडच्या बर्फात गॉगल लावून फोटो काढायला. आम्ही लिस्बनला उतरलो, समुद्राकडं पाठ केली आणि बसमध्ये बसून आत निघालो. घरं विरळ होत गेली, गवत पिवळं होत गेलं आणि बसमध्ये आमच्याशिवाय फक्त म्हातारे उरले. उतरलो तर भट्टीचं झाकण उघडावं तशी झळ तोंडावर आली. मी रुमाल शोधायला लागलो. साडूंचा चेहरा मात्र प्रवासात पहिल्यांदाच खुलला. "बगा, खामखा एवढं विमानानं आलो," ते म्हणाले. "ही तर परभणीच हाय."

तिथं बाटल्यांच्या बुचाची झाडं असतात. त्यांची साल खालून माणसाच्या उंचीपेक्षा वरपर्यंत सोलून नेतात, त्यामुळं अंगात सदरा आणि कमरेला काहीच नाही अशा थाटात ती रानोमाळ उभी असतात. माझी बायको लाजून दुसरीकडं बघायला लागली. साडूंनी जवळ जाऊन एका खोडावर टकटक केलं. जवळच्या शहरात रोमन लोकांचं देऊळ आहे. चौथरा आणि खांब तेवढे उरलेत. दोन हजार वर्षांचं आहे, असं गिरिजानं अभिमानानं सांगितलं. साडूंनी वर बघितलं आणि विचारलं, "बरं, मग छत कदी टाकनार हायत?" किल्ल्यातल्या संग्रहालयात त्यांनी जुन्या सरदाराच्या चिलखतावर ठोकलं आणि पहारेकरी धावत आला. त्यालाच ह्यांनी शुद्ध दखनी हिंदीत सांगितलं, "पत्रा पतला है." परका माणूस दिसला की हिंदी बोलायची, हा त्यांचा नियम आहे. मग तो माणूस कर्नाटकातला असो की पोर्तुगालातला.

गिरिजा एका म्हातारीच्या घरात वरच्या मजल्यावर राहते. दोना अमेलिया तिचं नाव. नवरा गेल्यापासून काळे कपडे घालणारी, मुलगा फ्रान्सात असलेली, तोंडानं फटकळ बाई. आम्हीही तिथंच उतरलो. पहिल्याच सकाळी साडूंनी लिंगपूजा केली आणि कपाळाला भस्माचे पट्टे ओढून खाली चहाला आले. म्हातारी त्यांना बघून दचकली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं धावली आणि छातीवर क्रूसाची खूण करायला लागली. त्यांच्याकडं वर्षातून एकदा, उपासाच्या पर्वाला सुरुवात होते त्या बुधवारी, कपाळाला राख लावतात. आपण तो बुधवार विसरलो, असं तिला वाटलं. हा माणूस रोज राख लावतो, हे गिरिजानं समजावल्यावर तिच्या नजरेत साडू एकदम साधुपुरुष झाले. मला कालचा पाव आणि त्यांना ताजा, असा पंक्तिभेद तेव्हापासून सुरू झाला.

माझ्या इंग्रजीचा तिथं काडीचा उपयोग झाला नाही. म्हातारी माझं बोलणं ऐकून घ्यायची आणि माझ्या प्रकृतीची चौकशी केल्यासारखी मान हलवायची. साडूंचं वेगळं. फवाऱ्याखाली उभं राहण्याला ते अंघोळ मानत नाहीत. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून आरोळी आली, "बादली! अरे कुनी बादली देता का न्हाई?" मी शब्दकोश घेऊन पळालो, तोवर म्हातारी बादली घेऊन दारात उभी! "बाल्दे," ती म्हणाली. साडूंनी दाराच्या फटीतून हात काढला आणि म्हणाले, "बाल्दे तर बाल्दे." त्या दिवसापासून दोघांचा संवाद सुरू झाला. हे म्हणायचे चावी, ती म्हणायची शाव. हे बटाटा, ती बताता. साबण, पाव, मेज, कोबी. भाजी निवडता निवडता त्यांनी घमेलं म्हणून बघितलं, तर तिनं लाकडाची परात पुढं केली, "गमेला!" जेवताना साडू मला म्हणाले, "साडूभाऊ, तुमी एवढी वर्षं इंग्रजी शिकवली, ती वाया गेली. ह्यांची मराठी हाय. जरा बिगडली एवढंच." हे शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडं आणले, असं गिरिजा सांगायला लागली, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "बादल्या आमी विकतो. ते आमाला काय शिकवनार?"

डुकराच्या मांसाच्या त्या मुलखात साडूंचे हाल होणार, अशी आम्हाला धास्ती होती. पण म्हातारीनं लसूण-कोथिंबीर कुटली, त्यात तेल घातलं, शिळ्या पावाचे तुकडे टाकले आणि वरून उकळतं पाणी ओतलं. अंडं घालायचं नाही, हे गिरिजानं आधीच बजावलं होतं. साडूंनी एक घास घेतला आणि वाडगा तोंडाला लावला. "आपला कुस्करा," एवढंच म्हणाले आणि वाडगा पुन्हा पुढं केला.

दिवस असे मजेत चालले होते आणि मुख्य काम तसंच पडून होतं. रोज अक्कांचा फोन यायचा, रोज माझी बायको साडूंना कोपऱ्यात गाठायची. "दाजी, आज तरी बोला तिच्याशी." "बोलतो की. घाई काय? आदी बगू तर दे." एक दिवस गिरिजा आम्हाला तिच्या शेतावर घेऊन गेली. हरभऱ्याचे वाळत आलेले वाफे, वर पांढरं ऊन आणि मधोमध आमची पोर, डोक्याला भली मोठी टोपी. कुणीतरी पाण्याची नळी भलतीकडं सोडली होती. गिरिजानं दुप्पट उंचीच्या एका बाप्याला त्यांच्या भाषेत असं काही झापलं, की तो खाली मान घालून नळीकडं पळाला. बाकीचे हसले, मग तीही हसली. सोनपेठला पाहुणे आले तर ही पोर आतल्या खोलीतून बाहेर येत नसे.

"कशी काळवंडली बघा," माझी बायको हळहळली.

"आवाज बग की तिचा," साडू म्हणाले आणि बराच वेळ झाडाखाली उभे राहिले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो. म्हातारी काहीतरी बोलली. गिरिजा एरवी तिचं प्रत्येक वाक्य आम्हाला मराठीत सांगायची. ह्या खेपेला तिनं नुसती पावाची टोपली पुढं सरकवली.

"काय म्हनती?" साडूंनी विचारलं.

"काही नाही, आप्पा."

"सांग."

गिरिजानं ताटाकडं बघत सांगितलं, "ती विचारतेय, तुम्ही मला न्यायला आलात का."

म्हातारी दोन्ही हात पदरासारख्या त्या काळ्या ॲप्रनखाली धरून साडूंकडं बघत होती. माझी बायको सावरून बसली. हीच वेळ होती. अक्कांनी ह्याचसाठी पाठवलं होतं. साडूंनी पावाचा चुरा बोटानं गोळा केला, एका बाजूला केला, पुन्हा पसरला.

"सांग तिला. न्यायला आलतो."

"आलतो?" गिरिजानं मान वर केली.

"का गं माय, मराठी इसरलीस का? आलतो, म्हनलं."

गिरिजाला ते काही सांगता आलं नाही. ती पाणी आणायला म्हणून उठली आणि लवकर परत आली नाही. म्हातारीनं कुणी सांगायची वाट बघितली नाही. तिनं साडूंचा वाडगा उचलला, काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढं ठेवला. तेव्हा साडू तिच्याकडं वाकून हिंदीत म्हणाले, "हमारी लडकी काम में खाना भूल जाती. जरा देखना." म्हातारी "सीं, सीं" म्हणत मान डोलावत राहिली आणि डोळे पुसत राहिली. मी भाषेची जिम्मेदारी घेतलेला माणूस, खाली मान घालून जेवलो.

परभणी स्टेशनावर अक्का सोनपेठहून आल्या होत्या, गुडघ्यांसकट. डब्यातून आम्ही तिघं उतरलो तरी त्या दाराकडं बघत होत्या. शेवटचा माणूस उतरला, चहावाला चढला, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडं बघितलं.

"तिथं एक म्हातारी हाय," साडू म्हणाले. "एकटी हाय. पोरगं फ्रान्सला. तिला सोडून कसं आनावं पोरीला?"

"आन् मला कोन हाय?"

साडूंनी अक्कांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांच्या गुडघ्यांच्या चालीनं चालत राहिले. रिक्षा बसस्थानकाशी आली तरी अक्का पदर तोंडाशी धरून बाहेर बघत होत्या. मग तसंच बाहेर बघत त्यांनी विचारलं,

"लोनचं खाती का ती म्हातारी?"

"खाती," साडू म्हणाले. त्यांनी तिला तसं कधी विचारलं नव्हतं.