हवालदारांचं ऊन

“गोरा जवान कुनी बघितलाय का, ताई?” असं विचारून हवालदार स्वतःच मोठ्यानं हसायचे आणि गालावरून तळवा फिरवायचे. मला ते हसणं कधी खरं वाटलं नाही.

फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी साताऱ्यात आमच्या समोरचं घर घेतलं. नवरा-बायको दोघंच. माणूस शिस्तीचा, बोलायला गोड. पण दुपारी दोन वाजले की नुसत्या बनियनवर गच्चीत यायचे, आमच्या घराकडे तोंड करून खुर्ची टाकायचे आणि चारपर्यंत उन्हात बसायचे. टोपी नाही, टॉवेल नाही. तुम्हीच सांगा, ऐन मार्चात असं कोण बसतं?

तेव्हा माझ्या मुलीसाठी स्थळं बघणं चाललं होतं. स्कार्फ आणि हातमोजे घातल्याशिवाय मी तिला दाराबाहेर पाऊल टाकू देत नव्हते. रंग उतरला तर पाहुणे काय म्हणतील, ही धास्ती. ज्या उन्हापासून मी पोरीला लपवत होते, त्यात हा माणूस आपणहून बसत होता. आणि नेमका तिच्या गच्चीतले वाळलेले कपडे काढायला जायच्या वेळी.

एकदा मी विचारलंच. हवालदार म्हणाले, “सर्दीचा तरास हाय.” त्यांच्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, “डॉक्टरनं सांगितलंय, हाडांसाठी.” दोघांची उत्तरं जुळेनात. मग मी पाळतच ठेवली. ते रोज बसायचे नाहीत. आठ दिवस बसायचे, मग घराला कुलूप लावून कोयनानगरच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या गावी जायचे. परत आले की महिनाभर गच्चीत फिरकायचेही नाहीत. हे सगळं कळल्यावर माझा संशय कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

मी कॉलनीच्या अध्यक्षांकडे गेले आणि म्हणाले, “तो माणूस पोरींकडे बघतो.” त्यांना बघताना मी पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे तर मिटलेले असायचे.

अध्यक्ष आणखी दोघांना घेऊन त्यांच्या घरी गेले. काय बोलणं झालं, ठाऊक नाही. दुसऱ्या दिवसापासून गच्ची रिकामी. मला सुटल्यासारखं वाटलं.

मे महिन्यात एका दुपारी मी स्कूटरवरून येत होते. पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये कोणीतरी पडलेलं दिसलं. हवालदार होते. ओठ सुकलेले, अंग चटका बसेल इतकं तापलेलं. मी त्यांना ओढत टाकीच्या सावलीत आणलं, तोंडावर पाणी मारलं आणि त्यांच्या बायकोला फोन लावला.

शुद्धीवर येताच ते म्हणाले, “ताई, गावाकडं कळवू नका.”

“इथे कशाला आलात उन्हात?”

“गच्चीत बसायची चोरी झाली न्हवं.”

मी खाली बघितलं. मग ते थांबत थांबत सांगू लागले. “मी कारकून हुतो. सगळी नोकरी हापिसात, पंख्याखाली. पैल्या सुट्टीला गावी गेलो, तर पारावर एक जन म्हनला, ‘ह्यो फौजेतनं आलाय का सासुरवाडीतनं?’ लय हसली समदी. आमचं आबा तितंच बसल्यालं. तसंच उठून गेलं. तवापास्नं गावी जायच्या आदी आठ दिस ऊन खातो. करपल्यालं तोंड बघून आबा चारचौघांत म्हनत्यात, पोरगं बॉर्डरवर हुतं.”

“पण आता तुम्ही रिटायर झालात की.”

“आबा हाईत न्हवं अजून.”

आता खरं सांगायचं, तर तेव्हाही माझ्या मनात आलं की ही थाप तर नसेल? संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. ते आत झोपले होते. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “आवं, मला बघाय आलं, तवा काळंकुट्ट हुतं. मी रडरड रडले. लगीन झालं आन् म्हयन्याभरात माझ्यापरास गोरं!” ती हसली. मग पदरानं हात पुसत म्हणाली, “पर ताई, आमची तक्रार कुनी केली असंल वो?”

“काय माहीत,” मी म्हणाले.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचे आबा गेले. तेराव्यानंतर दोघं परत आले, ते घर रिकामं करायलाच. आता गावाकडची शेती बघणार होते. सामान टेम्पोत चढल्यावर हवालदार माझ्या फाटकाशी आले. डोकं, मिशी, सगळं उतरवलेलं. तोंड रापलेलं आणि त्यावर गोरापान, कोवळा माथा. एका धडावर दोन माणसं जोडल्यासारखी दिसत होती.

“गावानं बघितलं असंच?” मी विचारलं.

“बघितलं की. कुनी हसलं न्हाई.”

मी फाटकाची कडी धरली. “हवालदार, ती तक्रार—”

“ऱ्हाऊ द्या, ताई,” ते म्हणाले. “पोरीचं जमलं का?”

मी मान हलवून नाही म्हणाले.

ते टेम्पोत पुढं बसले. काचेतून ऊन थेट त्यांच्या माथ्यावर येत होतं. शेजारी बसलेल्या बायकोनं पदराचं टोक ओढून त्यांच्या डोक्यावर धरलं. टेम्पो वळेपर्यंत मी पाहत होते. त्यांनी तो पदर बाजूला केला नाही.