मुरबाडच्या कचेरीत मी धुतलेला रुमाल

लढाईचे दिवस. शेणव्याहून मी आणि बा पहाटेच बैलगाडीने मुरबाडला निघालो. त्या तालुक्यातल्या आमच्या शेतावर बाचा चुलतभाऊ हक्क सांगत होता. शेत आजोबांच्या नावे असल्याचा सरकारी कागद मिळाला नाही, तर येतं भात तोच लावणार होता. मी चौथी पास. कचेरीत कसं बोलायचं, हे बाला शिकवत होते.

काळू नदीकाठी तांदळाची भाकरी नि सुकट खाल्ली. मग गाडी पाण्यात घातली. तेवढा वेळ माझं शिकवणं बंद.

दप्तरखाना म्हणजे एक अंधारी खोली. मांडण्या भिंतीपासून हातभर लांब, वाळवी चढू नये म्हणून पाय पाण्याच्या वाडग्यांत. प्रत्येक गावाचे कागद एका रुमालात (जाड कापडाच्या चौकोनात) बांधलेले, मधे कडुनिंबाचा वाळका पाला, वर शाईने गावाचं नाव.

दप्तर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी आमच्या शेताच्या गावाचा रुमाल सोडला आणि कापड माझ्या हाती दिलं. "बाहेर झटकून आण गो."

मला शहाणीला वाटलं, सरकारचं कापड नि इतकं कळकट? विहिरीवर नेऊन आपटून आपटून धुतलं आणि तोऱ्यात परत आले.

आत बा डोकं धरून बसलेला. हवा तो कागद वाळवीने खाल्लेला, नेमकं आजोबांच्या नावाच्या जागी भोक.

काकांनी ओलं कापड उलटसुलट केलं. "यावरचं गाव कुठंय?"

"मळ होता, काका."

"शाई होती ती. अख्खं गाव बुडवलंस."

बा उठला. "पोर हाय, चुकली. आमी जातो, नशिबातच नाय."

"जातोस कुठं? रुमाल वाळल्याबिगर कागद बांधता येत नाय, नि सुटे टाकून मला उठता येत नाय. बसा आता तुमीपण."

थंडीचं ऊन, कापड काही वाळेना. काका कंटाळून एकेक कागद उलगडत बसले. विहिरी, बांध, झाडं. ऊन कललं तेव्हा तळाचा एक त्यांनी डोळ्यांशी नेला.

"तुझ्या बापाचं नाव काय सांगितलंस?"

बाने सांगितलं.

"मग हा बघ. शेतातल्या आंब्यांची नोंद. शेताचा मालक तोच."

नक्कल मिळाली. रुमालावर गावाचं नाव मात्र माझ्याकडून लिहून घेतलं, वर पालाही वेचायला लावला.

घरी आईने विचारलं, "पोरीचा काय उपयोग झाला?"

"कचेरीत धुणं धुतलंन," बा म्हणाला.

त्या पावसात भात आम्हीच लावलं. काकांना बसवून ठेवायला मी रुमाल मुद्दाम भिजवला, असं मी नातवंडांना वर्षानुवर्षं सांगत आले. त्यांनी ते खरं मानलं, यात माझा एकटीचा काय दोष?