गणिताच्या तासाला तोंड बंद

मंडळी, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. दारव्ह्याजवळच्या एका शाळेत मला अर्धा तास तोंड उघडू दिलं नाही.

शिक्षिका व्हायला निघालेली माझी भाची पल्लवी तिथे सरावपाठ घेत होती, तो बघायला मी मागे बसलो होतो. वर्गातल्या सोनीला ऐकू येत नाही, म्हणून गणित सगळ्यांनीच हातांच्या खुणांनी करायचं. बोलला तो बाद!

तेवढ्यात सोनीचे बाबा दारात आले. "मजूर परवडत नाही मॅडम, कापूस येचाले नेतो हिले." पल्लवीने ओठांवर बोट ठेवून त्यांनाही खाली बसवलं.

पोरं अडखळत होती आणि सोनी हसत हसत एकेकाची बोटं सरळ करत होती.

शेवटी नियम मोडून बापच बोलला, "पोरगी तं सगळ्याईले शिकवून राह्यली! राहू द्या, येचतो मी एकटाच."

निघताना सोनीनं खुणेनं माझं नाव विचारलं. मला सांगता येईना. पल्लवीकडून शिकलो, परत वर्गात गेलो आणि उत्तर देऊन आलो.