तपासणीच्या दिवशी हजर

मी सातवी नापास. चौसाळ्यात हायवेला माझं किराणा दुकान. आन् माझा दोस्त त्रिंबक एम.ए., बी.एड. आमच्या आळीत एवढं शिकलेलं दुसरं कोणी न्हाई. तुमी म्हणाल, मग साहेब झाला असंल. कशाचा साहेब! सात वर्षं माळावरच्या विनाअनुदानित शाळेत फुकट शिकवलं त्यानं. अनुदान आलं की पगार सुरू, असं संस्थेवाले म्हणायचे. रोजानं जावं तर लोक हसतील, दुकानात बस म्हणलं की मास्तरला राग. डिग्री टाकवंना आन् पेलवंना.

नव्वद साली मला टीबी झालता. नर्सबाईनं सांगितल्या तशा गोळ्या गिळल्या, एक दिवस चुकवला न्हाई, बरा झालो. पुढं त्रिंबकला झाला. त्यानं दोन महिन्यांत गोळ्या सोडल्या. दवाखान्याच्या रांगेत पोरांचे मायबाप भेटायचे, शाळेत कळलं तर मस्टरवरून नाव जाईल ही भीती. वर मलाच शिकवायचा, खोकला थांबला म्हणजे आजार गेला. मी मान डोलवायचो. एम.ए.वाल्यापुढं मी काय बोलणार, डोंबल?

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत खोकताना रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज आंबेजोगाईला भरती करा. आन् दुसऱ्या दिवशी शाळेत अनुदानाची तपासणी. जो मास्तर गैरहजर, त्याचं नाव कटणार, सात वर्षं पाण्यात. त्रिंबकनं माझा हात धरला.

"मन्मथ, उद्याच्या दिवस उभं राहू दे बे. परवा तू म्हणशील तिथं येतो."

मनात आलं, उचलून जीपमधी घालावं. घातलं न्हाई. सकाळी ईश्वरीवहिनीनं त्याला इस्त्रीचा सदरा घातला. मी त्याला लुनावर मागं बसवून उपरण्यानं माझ्या कंबरेला बांधला आन् नेला शाळेत. अंगाची धग माझ्या पाठीला लागत होती. मी खिडकीतून बघत उभा राहिलो. साहेबानं नाव पुकारलं. फळ्याला टेकून तो म्हणाला, "हजर." मी खुळ्यासारखा खूश झालो.

तिथूनच आंबेजोगाई गाठली, पण लई उशीर झालता. अकराव्या दिवशी गेला. जूनमधी अनुदानाचा कागद आला. यादीत त्याचं नाव चौथं होतं.

त्याच आठवड्यात वहिनी दुकानावर आल्या. मीठ घेतलं, पिशवी उचलली, तरी जागच्या हलल्या न्हाईत.

"भाऊजी, तुमी सोता गोळ्या खाऊन बरे झालता. तुमाला ठाव होतं. मग त्यांना कावून न्हाई अडवलं?"

खोटं बोलायची सोय नव्हती.

"तो शिकलेला होता, वहिनी."