भाऊचा पहिला झोत

भाऊ गेल्याची बातमी मला कोणी सांगितली नाही. माझा थोरला भाऊ हरेश बोईसरला माझ्याच घरी, माझ्या डोळ्यांसमोर गेला. तरीही कोणी चौकशी केली की अजून ‘बरा आहे’ असंच तोंडावर येतं…

दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातला हा मुलगा उपग्रहावरची यंत्रं बनवणाऱ्यांत जाऊन बसला, याचं आमच्या आयला फार अप्रूप. काम काय, हे मात्र तिला कळत नसे. “लांब कुठंतरी एखादा भला मोठा तारा मरतो गो आय, तवा गॅमा किरणांचा झोत सुटतो. घटकाभर पन टिकत नाय. हवा त्याला खाली येऊ देत नाय, म्हणून वरनंच बघायचा,” तो सांगे. “मेलेल्याला बघाया एवढं लांब?” असं आयनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “मयताला जाताना आपन अंतर बघतो काय?”

उपग्रह वर गेला आणि इकडे भाऊ अंथरुणाला खिळला. फुफ्फुसांनी दगा दिला. आपल्या यंत्रानं पकडलेला पहिला झोत बघायचा, एवढा एकच ध्यास त्याला उरला होता. एका सकाळी त्याच्या सहकारी मुग्धाचा फोन आला, “सर, मिळाला!” आयनं तडक रिक्षा केली आणि चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्राला नारळ वाहिला. ती परत येईतो भाऊनं आलेख मागवून पाहिला होता. “नाय गो,” तो म्हणाला. “झोत असता तर रेघ एकदम उसळली असती. ही सावकाश चढलीय. वर भारित कणांचा पट्टा हाय, त्यातनं उपग्रह गेला असंल. दुसऱ्या कुठल्या उपग्रहाला दिसला नाय ना?” नव्हताच दिसला. मला त्याचा असा राग आला! मरणाच्या दारात तरी माणसानं थोडं फसावं की. आय तेवढी म्हणाली, “वाहिलेला नारळ मागं घेतात काय? राऊ दे.”

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही.

परवा सकाळी त्याचा फोन वाजला. आय तो रोज चार्जिंगला लावते; का, ते मी विचारत नाही. कामाच्या ग्रुपवर मुग्धाचा निरोप होता. पहिला खरा झोत मिळाला, दुसऱ्या उपग्रहालाही दिसला. मला हुंदका आवरेना. आयनं हाताला धरून मला त्याच्या खोलीत नेलं, पलंगाशी बसवलं.

“मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. उठू लागले, तर तिनं माझा हात दाबला.

“थांब जरा,” ती म्हणाली. “बोलाया दम लागतो त्याला.”