कोरडी पाठ

आमच्या ह्यांची फटफटी लष्कराच्या लिलावातली. काळी, बोजड आणि मालकासारखीच हट्टी. पनवेलच्या आमच्या आळीत दुसरी नव्हती. तिचा आवाज झाला की गोठ्यातल्या म्हशी बिथरायच्या. हे रोज तिच्यावरून उरणच्या बाजूला मिठागरांवर देखरेखीला जात, आणि कधीमधी मला मागे बसवत. मी बसायची ती एका बाजूला पाय सोडून, सीटमागची लोखंडी कडी घट्ट धरून. नवऱ्याला धरायचं नाही, अशी सासूबाईंची सक्त ताकीद होती. "चारचौघांत अंगाला अंग लावायचं नाही." म्हणजे पडून मेलं तरी चालेल, पण मर्यादेत!

त्या माघात आम्ही माझ्या माहेरून, पेणहून परत येत होतो. सकाळची थंडी नुसती मी म्हणत होती. स्वेटर घाला म्हटलं तर स्वेटर म्हणे म्हाताऱ्यांनी घालावा. ह्यांनी सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवली आणि निघाले. फटफटीवाले सगळे तसंच करत. नाहीतर छातीत वारा भरतो म्हणायचे. ह्यांच्या छातीत आठवडाभर तो भरलेलाच होता. मी रोज ओव्याचा शेक देत होते. डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर, "मला काय धाड भरलीय?"

कर्नाळ्याच्या खिंडीत मोठा खड्डा आला. माझी कडी सुटली आणि ताकीदबिकीद विसरून मी ह्यांच्या पाठीला धरलं. सदरा पिळून काढावा इतका ओला! थंडीने माझे दात वाजत होते आणि ह्या माणसाला घाम फुटला होता.

"अहो, गाडी थांबवा!"

मी ओरडले, पाठीवर थापा मारल्या. मान हलेना. गाडी रस्त्याच्या कडेला जायची, पुन्हा मध्ये यायची. दोन्हीकडे रान, चिटपाखरू नाही. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. नुसती ती ओली पाठ. आत माणूस जिवंत आहे की गाडीच आपली चालली आहे, काही कळेना. देवा, हे पडू नयेत, एवढंच मी पुटपुटत राहिले.

पळस्प्याच्या नाक्यावर चहाच्या हॉटेलापुढे गाडी बाकड्याला जाऊन टेकली आणि हे बाकड्यावर कलंडले. ओठ राखेच्या रंगाचे. माणसं धावली. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "वारा भरलाय बाय, दुसरं काय नाय. छाती घट बांदा." त्याने आपला मफलर सोडला आणि दोघांनी मिळून तो ह्यांच्या छातीला करकचून आवळला. बिचारे भल्यासाठीच करत होते. ह्यांनी बोटांनी गाठ चाचपली आणि माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत एवढी भीती होती की मी सगळ्यांना ढकललं आणि गाठ दातांनी ओढून सोडली. एका ट्रकवाल्याने ह्यांना उचलून पुढे बसवलं आणि आम्हाला पनवेलला आणलं.

डॉक्टरांनी सदऱ्याची बटणं काढली. कागद भिजून छातीला चिकटला होता. तो सोलून काढला तेव्हा शाई अंगाला लागून उलटी अक्षरं उमटली होती. "वारा नाही बाई, हृदय आहे," डॉक्टर म्हणाले. मी त्या अक्षरांकडे बघत राहिले. ती वर जात होती, खाली येत होती. थांबली तर काय करायचं?

हे वाचले. बरेच दिवस अंथरुणावर होते. हे बोलायला लागल्यावर मी आधी भांडले. "खिंडीत थांबायला काय झालं होतं तुम्हाला?"

ते आढ्याकडे बघत म्हणाले, "थांबलो असतो तर पुन्हा किक मारता आली नसती. तुला त्या रानात एकटीला टाकून जायचं होतं का?"

मी हातातलं भांडं आपटलं आणि चुलीपुढे जाऊन रडले. सासूबाई तिथेच भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

पुढे डॉक्टरांनी जवळपास फिरायची परवानगी दिली, पण किक मारायची नाही म्हणाले. मग किक मी मारायची, पदर खोचून. पहिल्या दिवशी ती उलटी बसली आणि मी आठवडाभर लंगडले. आळीला फुकटचा तमाशा! मागे बसले की आता कडी नाही, सरळ ह्यांच्या पाठीवर सगळा पंजा टेकवायची. कोरडी आहे ना, एवढंच बघायला. "लाज सोडली हिने," बायका बोलत. सोडली तर सोडली.

सासूबाई मात्र दारात येऊन उभ्या राहत. फटफटी हलली की आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "धरलंस ना गं त्याला?"