उलटा ढाळ

पाइप जोडायच्या सोल्युशनचा उग्र वास आला, की मला आमच्या बाथरूमचं काम आठवतं आणि आजही डोकं भडकतं. बहिणीची मुलगी आयटीआयमधून प्लंबिंग पास झाली होती. वर्षभर हाताखाली घेऊन शिकवेल असा ठेकेदार तिला हवा होता, म्हणून मी तिला चंदगडहून बोलावून आमच्याच ठेकेदारापुढे उभं केलं. “पावणं, पोरीला काय झेपतंय? भिंत फोडाय लागतीया,” तो हसला. पाणी भरलेली लेव्हलची नळी घेऊन तिने ठेकेदाराने टाकलेला सांडपाण्याचा पाइप तपासला आणि म्हणाली, “मामा, ढाळ उलटा हाय.” मी दोन्ही टोकांना टेप लावून मोजलं, सहा फुटांत बरोबर अर्धा इंच उलटा. पाइपात बादली ओतली, तर पाणी आमच्याच पायांशी परत आलं. “हुशार हाय की! पण चुका काढणारं माणूस मला न्हाय चालत,” असं म्हणत त्याने पाइप उखडला आणि तिने सांगितला तसा बसवला. ती संध्याकाळच्या एसटीने परत गेली. ठेकेदाराचा राग येतोच. पण भिंती उघड्या आहेत म्हणून उरलेलं काम मी त्याच्याकडूनच करून घेतलं, त्याचा अधिक येतो.